स्त्रीबीज गोठवण्याची सेवा : सांगलीतील एका केंद्राचा अनुभव

लग्नाचा निर्णय लांबत गेल्यामुळे चौतिसाव्या वर्षी मी सांगलीतील एका केंद्रात स्त्रीबीजे गोठवून घेतली. एएमएच (अंडाशयात किती बीजे शिल्लक आहेत याचा अंदाज देणारी रक्ततपासणी) व सोनोग्राफीनंतर डॉक्टरांनी आधीच स्पष्ट सांगितले की गोठवलेले बीज म्हणजे बाळाची हमी नव्हे, आणि पस्तिशीनंतर बीजांची संख्या व गुणवत्ता दोन्ही वेगाने घटतात. हा प्रामाणिकपणा मला सर्वांत मोलाचा वाटला. पुढे अकरा दिवस पोटात इंजेक्शने घ्यायची होती. तासगावहून एसटीने येणाऱ्या मला रोजचा हेलपाटा पडू नये म्हणून परिचारिकाताईंनी बेंबीपासून दोन बोटे अंतरावर पेनाने खूण करून सुई कशी टोचायची ते शिकवले आणि औषध थर्मासमध्ये नीट गार ठेवून सोबत दिले. शेवटच्या इंजेक्शननंतर सुमारे ३६ तासांनी भूल देऊन बीजे काढली. त्यांतील नऊ पक्व बीजे उणे १९६ अंश सेल्सिअसच्या द्रवरूप नायट्रोजनमध्ये आहेत. पोट मात्र आठवडाभर फुगलेले होते.

खटकले ते एवढेच, की साठवणुकीचे वार्षिक शुल्क सुरुवातीच्या अंदाजपत्रकात नव्हते आणि ते मला बिल हातात आल्यावर कळले. वर्षानुवर्षे भरायची ही रक्कम पहिल्याच भेटीत लेखी द्यायला हवी.