जुन्या आय-फाइव्हवर आरटीएक्स ३०६०: १० महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

गेल्या दिवाळीत मी माझ्या जुन्या संगणकात १२ जीबीचे आरटीएक्स ३०६० ग्राफिक्स कार्ड बसवले. त्याआधी त्याच कॅबिनेटमध्ये जीटीएक्स १०५० टीआय हे कार्ड होते. सोबतीला २०१७ च्या जानेवारीत बाजारात आलेला इंटेलचा कोअर आय-फाइव्ह ७४०० प्रोसेसर, बी२५० चा मदरबोर्ड आणि ८ जीबीची एकच रॅम होती. इंदूरच्या आरएनटी मार्गावरच्या सिल्व्हर मॉलमध्ये दोन संध्याकाळी भाव विचारत फिरलो, तेव्हा याच पैशांत प्रोसेसर आणि बोर्ड बदलावा असाही विचार मनात येऊन गेला होता. परंतु गेममध्ये डोळ्यांना जे दिसते ते सगळे कार्डच काढते, तेव्हा पैसे कार्डातच घालावेत, अशी त्या वेळी माझी पक्की समजूत होती. जुने कार्ड ७५ वॅटच्या आत चालणारे असल्यामुळे त्याला लागणारी वीज स्लॉटमधूनच मिळत असे. नव्याला १७० वॅट लागतात आणि कंपनी ५५० वॅटच्या एसएमपीएसची, म्हणजे संगणकाला वीज पुरवणाऱ्या डब्याची, शिफारस करते, म्हणून तोही नवा घेतला. त्याच वेळी १०८० रिझोल्यूशनचा १४४ हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला १४४ चित्रे दाखवू शकणारा, मॉनिटर घेतला.

पहिले दोन आठवडे आनंदाचे गेले, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. १०५० टीआयच्या ४ जीबी मेमरीत जे टेक्श्चर, म्हणजे वस्तूंच्या पृष्ठभागांवरची चित्रे, बसतच नव्हते ते आता सर्वांत वरच्या पातळीवर चालू लागले, आणि मोकळ्या माळरानावरची किंवा बंद खोल्यांमधली दृश्ये अगदी लोण्यासारखी सरकत होती. अडचण सुरू झाली ती गर्दीत शिरल्यावर. सायबरपंक २०७७ या गेममधल्या काबुकी भागातल्या बाजारात पाऊल टाकले की चित्र क्षणभर थांबायचे, मग एकदम पुढे उडी मारायचे. कोपऱ्यात एफपीएसचा, म्हणजे सेकंदाला येणाऱ्या फ्रेमचा (चित्रांचा), आकडा ४५ ते ५० दिसत होता, आणि खरे तर त्या आकड्याला गेम इतका खडबडीत वाटायला नको होता.

माझा भाचा इंजिनिअरिंगला आहे आणि रविवारी लोकमान्यनगरला आमच्याकडे जेवायला येतो. त्याने एमएसआय आफ्टरबर्नर हे मोजमापाचे सॉफ्टवेअर लावून प्रोसेसरच्या प्रत्येक कोअरचा, म्हणजे स्वतंत्रपणे काम करणाऱ्या भागाचा, वापर, कार्डाचा वापर आणि फ्रेमला लागणारा वेळ पडद्यावर आणला, आणि त्याच बाजारातून मला एक फेरी मारायला लावली. मी चालत असताना तो म्हणाला, "मामा, कार्ड तर रिकामंच बसलंय. चारही कोअर बघ ना, शंभरावर चिकटलेत." खरोखरच कार्डाचा वापर ५५ ते ६० टक्क्यांच्या दरम्यान होता. फ्रेमच्या वेळेची रेघ सरळ जाण्याऐवजी करवतीच्या दात्यांसारखी वरखाली होत होती. बहुतेक फ्रेम २० मिलिसेकंदांत येत होत्या, पण मधूनच एखादी ६० च्या वर जात होती. एफपीएसचा आकडा ही सरासरी असल्यामुळे त्यात ती एक उशिराची फ्रेम बुडून जाते, डोळा मात्र नेमकी तीच पकडतो. तेव्हापासून मी सरासरीपेक्षा सर्वांत संथ एक टक्का फ्रेमचा आकडा, ज्याला सगळे वन पर्सेंट लो म्हणतात, तो आधी पाहतो.

असे का होते, हे मला त्यानंतर नीट समजून घ्यावेसे वाटले. प्रत्येक फ्रेमसाठी रस्त्यावरची माणसे कुठे चालली आहेत, गाड्या कुठे वळत आहेत, काय कशावर आदळले, कोणत्या वस्तू नजरेच्या टप्प्यात आहेत, हे सगळे प्रोसेसर ठरवतो आणि मग काय काय काढायचे याचे हुकूम, म्हणजे ड्रॉ कॉल, कार्डाकडे पाठवतो. हुकूम आल्यावर पिक्सेल रंगवण्याचे काम कार्डाचे. संक्रांतीच्या आदल्या दिवशी आमच्या घरी आई गुळपोळ्या लाटत होती आणि बायको भाजत होती. गूळ फुटू नये म्हणून लाटणे सावकाश चालले होते, त्यामुळे तवा मोकळाच तापत राही आणि बायकोला मधूनमधून गॅस मंद करावा लागे. माझे कार्डही तसेच मंद होत होते. १७० वॅटपर्यंत वीज घेऊ शकणारे ते कार्ड त्या बाजारात १०० वॅटच्या आसपासच घेत होते, कारण पुढचा हुकूम येईपर्यंत त्याला करण्यासारखे काही नव्हते.

मी प्रथम ग्राफिक्सची सगळी सेटिंग अल्ट्रावरून लोवर आणली. चित्र कळकट झाले, एफपीएस मात्र जवळजवळ तितकेच राहिले. मग उलटे करून पाहिले. एनव्हिडियाच्या डायनॅमिक सुपर रिझोल्यूशनने गेम १४४० वर चालवला. १०८० च्या चित्रात २० लाख ७३ हजार ६०० पिक्सेल असतात आणि १४४० च्या चित्रात ३६ लाख ८६ हजार ४००, म्हणजे कार्डाचे काम पावणेदोन पटींहूनही वाढले. तरीही त्या बाजारात एफपीएस फारसे घसरले नाहीत, कार्डाचा वापर तेवढा ९० च्या पुढे गेला. रिझोल्यूशन वाढवले तरी रस्त्यावरची माणसे तेवढीच राहतात, त्यामुळे प्रोसेसरच्या कामात त्याने फरक पडत नाही. कोणाला आपल्या संगणकात नेमके कोण मागे पडते आहे हे पाहायचे असेल, तर हा उलटसुलट प्रयोग अवश्य करावा. त्याला पैसे लागत नाहीत आणि तो खोटे बोलत नाही. एनव्हिडियाच्या डीएलएसएसनेही मला त्या जागी काहीच मिळाले नाही, कारण तो आतले रिझोल्यूशन कमी करून कार्डाचा भार हलका करतो आणि माझ्या कार्डावर मुळात भारच नव्हता. रे ट्रेसिंगने, म्हणजे प्रकाशकिरणांचा हिशेब करून उजेड-सावल्या काढण्याच्या पद्धतीने, तर परिस्थिती आणखी बिघडली. प्रकाशकिरणांच्या हिशेबासाठी दृश्याची जी रचना सतत नव्याने मांडावी लागते तिचा काही बोजा प्रोसेसरवरही पडतो, हे मला तोपर्यंत ठाऊक नव्हते.

या गेमच्या संगणकाकडून असलेल्या, २०२३ मध्ये सुधारलेल्या अपेक्षांची यादी मी आधी वाचली असती तर बरे झाले असते. त्यात किमान प्रोसेसर म्हणून आय-सेव्हन ६७०० लिहिला आहे, म्हणजे ४ कोअर आणि ८ थ्रेडचा (थ्रेड म्हणजे एकाच वेळी चालू शकणारी कामाची रांग). माझ्या आय-फाइव्हला कोअर ४ आणि थ्रेडही ४ च. त्याच यादीत शिफारस केलेले कार्ड आरटीएक्स २०६० सुपर, म्हणजे २०१९ चे आहे, आणि त्याच्या शेजारी प्रोसेसर मात्र बाराव्या पिढीचा आय-सेव्हन किंवा रायझेन ७ ७८०० एक्स३डी आहे. आपण खरेदी करताना कार्डाचा रकाना वाचतो आणि प्रोसेसरच्या रकान्यावरून नजर तशीच पुढे नेतो, निदान मी तरी नेली.

संक्रांतीनंतर मी रॅमची दुसरी ८ जीबीची कांडी घातली. एकूण मेमरी वाढली, त्याहीपेक्षा दोन कांड्यांमुळे रॅम ड्युअल चॅनलवर, म्हणजे एकाच वेळी दोन मार्गांनी, चालू लागली, हे महत्त्वाचे होते. सरासरी थोडीच वाढली, पण तळाचे आकडे चांगले सुधारले आणि ती ६० मिलिसेकंदांची फ्रेम क्वचित दिसू लागली. गेममधली गर्दीची घनता कमी केली आणि रिव्हाट्यूनर या सॉफ्टवेअरमधून फ्रेमवर ४५ ची मर्यादा घातली, तेव्हा चालणे बऱ्यापैकी एकसारखे झाले. चार महिने मी असाच खेळलो. सेटिंगची ही सगळी मलमपट्टी खेळाडू एकटा असतो त्या गेममध्ये चालून जाते. व्हॅलोरंट आणि काउंटर-स्ट्राइक २ या ऑनलाइन नेमबाजीच्या गेममध्ये मात्र तिचा उपयोग नाही, कारण तिथे सगळे जण ग्राफिक्स आधीच खाली ठेवतात आणि शेकडो फ्रेम पुरवण्याची जबाबदारी जवळजवळ सगळी प्रोसेसरवर येते. धुराचे दोन गोळे फुटून पाच जण एकदम समोर आले की माझा १४४ हर्ट्झचा मॉनिटर नेमका त्याच क्षणी उपाशी राहायचा. १४४ फ्रेमसाठी एका फ्रेमला ६.९ मिलिसेकंद मिळतात, आणि माझ्या प्रोसेसरला ते जमत नव्हते.

मे महिन्यात एक वेगळीच शंका आली. माझी खोली वरच्या मजल्यावर आहे, इंदूरचा उन्हाळा ४० अंशांच्या वर जातो, आणि प्रोसेसर तापल्यामुळे तर संथ होत नसेल ना, असे वाटू लागले. एका दुपारी कॅबिनेट उघडले. प्रोसेसरच्या पंख्याखाली, पात्यांच्या मधल्या फटींत, धुळीचा गोधडीसारखा एकसलग थर बसलेला होता आणि त्याखालची थर्मल पेस्ट वाळून खडूसारखी झाली होती. रंगकामाच्या बारीक ब्रशने थर काढला, जुनी पेस्ट पुसून नवी लावली. तापमान ८० च्या जवळून थेट ६५ च्या आसपास आले, पंख्याचा आवाज निम्मा झाला, आणि काबुकीच्या बाजारातले एफपीएस होते तिथेच राहिले. साफसफाई करायला हवीच होती, पण दोष उष्णतेचा नव्हता हे त्या दिवशी निश्चित झाले.

पुढे दोन वाटा होत्या. त्याच बोर्डावर बसणारा जुना आय-सेव्हन ७७०० घेतला असता तर थ्रेड ८ झाले असते. पण वापरलेल्या आय-सेव्हनसाठी लोक तेव्हाही बरेच पैसे मागत होते, शिवाय विंडोज ११ च्या अधिकृत यादीत इंटेलचे प्रोसेसर साधारणपणे आठव्या पिढीपासून सुरू होतात. म्हणून जूनमध्ये मी रायझेन ५ ५६०० आणि बी५५० चा बोर्ड घेतला. ६ कोअर, १२ थ्रेड, ३२ एमबी एल-थ्री कॅशे, म्हणजे प्रोसेसरच्या आतलीच छोटी वेगवान मेमरी. आय-फाइव्हकडे ती कॅशे ६ एमबी होती, आणि प्रोसेसरला रॅमपर्यंत वारंवार जावे न लागण्यात या कॅशेचा मोठा वाटा असतो. पहिले दोन आठवडे जुनीच २४०० वेगाची रॅम वापरली, मग ३२०० ची १६ जीबीची जोडी घेतली आणि तोही फरक जाणवला. कार्ड तेच, एसएमपीएस तोच, मॉनिटर तोच. त्याच बाजारात, त्याच अल्ट्रा सेटिंगवर, गर्दी पुन्हा पूर्ण करून फेरी मारली तेव्हा एफपीएस ६५ च्या आसपास होते, कार्डाचा वापर ९७ टक्के होता आणि वेळेची रेघ इस्त्री केल्यासारखी सरळ होती. खरे सांगायचे तर दिवाळीत घेतलेले कार्ड मला जूनमध्ये मिळाले.

आता सेटिंग कमी केली की एफपीएस वाढतात, डीएलएसएस लावला की वाढतात. एक सूचना मात्र करावीशी वाटते. नव्या प्रोसेसरचा एकूण वापर ५० टक्केच दिसतो म्हणून तो मोकळा आहे असे समजू नये, कारण गेमचा मुख्य भार एखाद्या थ्रेडवर असेल तर बाकीचे ११ स्वस्थ असतानाही तो एकटा सगळ्यांना अडवू शकतो. त्यापेक्षा कार्डाकडे पाहावे. फ्रेमवर मर्यादा घातलेली नसताना कार्ड ९५ च्या बरेच खाली राहत असेल, तर अडथळा बहुधा प्रोसेसर किंवा रॅमच्या बाजूला आहे. इंटरनेटवर दोन नावे भरली की जुळणीची टक्केवारी सांगणारी जी गणितयंत्रे आहेत, त्यांच्यावर माझा विश्वास राहिलेला नाही. गेम कोणता, रिझोल्यूशन किती आणि मॉनिटर किती हर्ट्झचा हे विचारात न घेता त्या टक्केवारीला अर्थ उरत नाही. माझ्याच जुन्या संगणकात माळरानावर जोडी जुळत होती आणि बाजारात मोडत होती.

भाच्याच्या संगणकात हीच विजोड जोडी उलट्या बाजूने आहे. कोड कंपाइल करण्यासाठी त्याने रायझेन ७ ५७०० एक्स घेतला आणि कार्ड मात्र ४ जीबीचे जीटीएक्स १६५०. त्याचे कार्ड सतत ९९ वर आणि प्रोसेसर २० वर असतो. त्याच्याकडे बसून खेळल्यावर माझे मत असे झाले की, जोडी विजोड असायचीच असेल तर मागे पडणारे कार्ड असावे. एफपीएस कमी येतात, पण एकसारखे येतात, आणि सेटिंग खाली आणली की लगेच फळ मिळते. त्याला झटके बसतात ते टेक्श्चर ४ जीबीत मावले नाहीत तेव्हाच. नवे कार्ड निवडताना आम्ही आरएक्स ६५०० एक्सटी पाहिले होते. त्याला पीसीआय एक्सप्रेसच्या, म्हणजे कार्ड आणि बोर्ड यांना जोडणाऱ्या मार्गाच्या, चारच लेन आहेत, आणि भाच्याचा बी४५० बोर्ड तिसऱ्या पिढीच्या लेन देतो, म्हणजे चौथ्या पिढीच्या बोर्डावर मिळाला असता त्याच्या निम्माच मार्ग. मेमरी ४ जीबीच असल्यामुळे टेक्श्चरची ने-आण त्याच अरुंद मार्गाने वारंवार झाली असती. आठ लेनचे, ८ जीबीचे आरएक्स ६६०० त्याच्या बोर्डाला अधिक शोभेल असे ठरले आहे, आणि तो सध्या पैसे साठवतो आहे.

माझा जुना आय-फाइव्ह, बी२५० चा बोर्ड, २४०० च्या दोन्ही कांड्या आणि १०५० टीआय हे सगळे आता जुन्या एसएमपीएससह बाबांच्या टेबलावर आहे. मागच्या रविवारी भाच्याने उत्सुकतेपोटी त्यावर जीटीए ५ चालवून पाहिला. कार्ड ९६ वर होते, कोअर ७० ते ८० वर, आणि कुठेही अटकले नाही.