रुगर अमेरिकन कॉम्पॅक्ट, .243 काडतुसाची : अमेरिकेतल्या हरणाच्या हंगामात मुलाच्या हाती द्यायची रायफल

नळी १८ इंच, वजन साधारण ६ पौंड, दस्ता (ट्रिगरपासून खांद्याला टेकणाऱ्या टोकापर्यंत) साडेबारा इंच. मुलासाठी खरा मुद्दा दस्त्याचाच. रायफल रिकामी आहे हे आधी तपासा. मग दस्त्याचं टोक कोपराच्या खोबणीत टेकवा. तर्जनीचं पहिलं पेर ट्रिगरवर अलगद पोचायला हवं. ही चाचणी थंडीचा जाड कोट घालूनच करा, कारण कोट अर्धा-एक इंच खातो आणि मूल मान ताणून नेम धरू लागतं.

धक्का .308 या मोठ्या काडतुसाच्या जवळपास निम्मा. आवाज मात्र आखूड नळीमुळे कर्कश! सरावाला कानात बोळे आणि वर इअरमफ, दोन्ही हवेत. मूल दचकतं ते बहुधा आवाजालाच. एका वेळी आठ-दहा गोळ्या पुरे.

हरणासाठी ९५ ते १०० ग्रेनची (ग्रेन म्हणजे गोळीच्या वजनाचं माप) गोळी घ्या. ५५ ग्रेनची स्वस्त पडते, पण ती आत खोल न जाता वरच्यावर फुटते आणि जनावर जखमी होऊन पळतं. दुर्बीण मुलाच्या डोळ्याच्या अंतरानं पुढेमागे बसवा, बापाच्या नव्हे. मॅगझिन चार गोळ्यांचं, प्लास्टिकचं. ते बसवताना ‘खट्’ ऐकू येईपर्यंत आत दाबा.