टूरच्या कागदावरचा ‘व्हिजिट’ हा शब्द

नागपुरातून कुणी तुर्कीची टूर बुक करत असाल, तर पैसे भरण्याआधी हे वाचा.

माझे बाबा पाणीपुरवठ्याच्या कामातून निवृत्त झाले. गोरेवाडा, पेंच, जलकुंभ, व्हॉल्व्ह यांतच त्यांचं आयुष्य गेलं. इस्तंबूलमधलं जमिनीखालचं जुनं पाण्याचं टाकं, बॅसिलिका सिस्टर्न, एकदा डोळ्यांनी पाहायचं, ही त्यांची फार दिवसांची इच्छा. म्हणून सीताबर्डीतल्या एका टूरवाल्याकडे आम्हा तिघांचं बुकिंग करताना मी फोनवर पहिलं हेच विचारलं, टाक्याच्या आत नेणार ना? “मॅडम, सगळं इन्क्लूडेड आहे.” हेच त्याने व्हॉट्सअ‍ॅपवरही लिहिलं. छापील कार्यक्रमात मात्र टाकं, आया सोफिया, ब्लू मॉस्क आणि टोपकापी महाल या चारही नावांपुढे फक्त ‘व्हिजिट’ होतं. ब्लू मॉस्कच्या प्रवेशाचे माणशी अठराशे रुपये त्याने वेगळे घेतले. मी दिले.

इस्तंबूलमध्ये त्या सकाळी बस सुलतानअहमद भागात थांबली. गाइडने हिप्पोड्रोमच्या मैदानातला इजिप्तहून आणलेला स्तंभ दाखवला, आया सोफियाकडे बोट केलं, मग रस्त्याकडे बोट करून म्हणाला, सिस्टर्न तिकडे आहे, फोटो काढा, चाळीस मिनिटांनी निघायचं. त्याच्या हातातल्या यादीत दोन्हींपुढे ‘बाहेरून’ असं लिहिलेलं होतं. आया सोफियात परदेशी पर्यटकांना २०२४ पासून तिकीट आहे, ते कुणी काढलंच नव्हतं. ब्लू मॉस्कच्या दाराशी गेलो, तर तिथे तिकीटच नाही! नमाजाच्या वेळा सोडल्या तर कुणीही फुकट आत जाऊ शकतं. आणि टोपकापी? तो दिवस मंगळवार होता. टोपकापी दर मंगळवारी बंद असतो.

बाबा म्हणाले, “राहू दे बेटा, बाहेरून तर पाहिलं.” पोटात कालवलं माझ्या. आम्ही बस सोडून दिली आणि आमच्या पैशाने तिकिटं काढून खाली उतरलो.

ओलसर गारवा, अंधुक उजेड आणि पाण्यात पाय रोवून उभे ३३६ खांब. २८ खांबांची एक रांग, अशा १२ रांगा, प्रत्येक खांब ९ मीटर उंच. सहाव्या शतकात जस्टिनियन बादशहाने हे बांधवून घेतलं. पाणी शहराबाहेरच्या जंगलातून कालव्याने यायचं. साठवण सुमारे ८०,००० घनमीटर सांगतात. “म्हणजे आठ कोटी लिटर,” बाबा लगेच म्हणाले. भिंतींना पाणी झिरपू नये म्हणून दिलेल्या लेपाजवळ ते कितीतरी वेळ उभे होते. टोकाला दोन खांबांखाली मेडुसाची, म्हणजे ग्रीक कथांतल्या सापांचे केस असलेल्या राक्षसीची, दगडी मुंडकी आहेत, एक उलटं, एक आडवं. हे सगळं त्या माणसाने आम्हाला रस्त्यावरून दाखवून परत आणलं असतं.

आमच्याच बसमधल्या एका कुटुंबाला टूरवाल्याने म्युझियम पास, म्हणजे अनेक संग्रहालयांचं एकत्र तिकीट, विकला होता, टाक्यालाही चालेल असं सांगून. तो तिथे चालत नाही.

परतल्यावर टूरवाल्याला विचारलं, तर उत्तर मिळालं, “व्हिजिट म्हणजे आत जाणं असं कुठे लिहिलंय?” फोनवर झालेलं काहीच त्याला आठवेना. मी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार केली, लेखी नोटीस पाठवली. त्यानंतर ब्लू मॉस्कचे पैसे तेवढे परत आले. बाकीच्यासाठी जिल्हा ग्राहक आयोगाकडे गेले आहे. पाच लाखांपर्यंत पैसे मोजले असतील तर तिथे शुल्क लागत नाही, आणि तक्रारीला दोन वर्षांची मुदत असते, हे मलाही तेव्हाच कळलं.

तुम्ही जाणार असाल तर प्रत्येक ठिकाणापुढे ‘प्रवेश तिकिटासह’ असं त्याच्याकडून लिहून, सही-शिक्क्यासह घ्या. कोणत्या वारी कुठे नेणार, तेही लिहून घ्या. नाही म्हणाला तर तिथूनच उठा.

आमच्या सुनावणीची तारीख अजून यायची आहे. तक्रारीला छापील कार्यक्रम, पावती, त्या मेसेजचा स्क्रीनशॉट आणि टाक्याची आम्ही काढलेली तीन तिकिटं जोडली आहेत.