फ्लॅटमधल्या गणपतीसाठी शाडू की पीओपी?

विसर्जन घरीच बादलीत करणार असाल, तर शाडूच घ्या. एक फुटाची मूर्ती पूर्ण बुडेल एवढं पाणी हवं. अर्धवट बुडवली तर वरचा भाग तसाच उभा राहतो. रंगाचा थर पातळ असेल तर माती काही तासांत सुटते. तो गाळ बेसिनमध्ये मात्र कधीच ओतू नका, पाइप तुंबतो. निवळलेलं पाणी काढून माती वाळवा. शाडू चिकट असतो, त्यामुळे कुंडीत घालायचा तर मूठभरच.

शाडूचं दुखणं म्हणजे वजन आणि नाजूकपणा. सोंड, बोटं, मोदकाचा हात आधी तुटतात. मूर्ती नेहमी पाटासकट उचला. ओल्या दूर्वा झटकून वाहा, अभिषेक सुपारीवर करा. पाणी मुरलं की माती फुगून तडा जातो.

पीओपी हलकी आणि टणक, पण साध्या पाण्यात महिनोन्‌महिने विरघळत नाही. पुण्यात ती विरघळवायला पाण्यात अमोनियम बायकार्बोनेट ही रासायनिक पावडर घालतात: साधारण मूर्तीच्या वजनाइतकं, दोन दिवस, मधूनमधून ढवळत. अमोनियाचा उग्र वास येतो, म्हणून बादली बाल्कनीतच ठेवा. लिफ्ट नसलेल्या चौथ्या मजल्यावरही आम्ही शाडूच सुचवू, फक्त नऊ इंचांचा.