रोज पहाटेचा अर्धा तास की अख्खा रविवार मोकळा?

जून-जुलैत इंदूरच्या भंवरकुआ या क्लासेसच्या भागातल्या खोल्या भरायला लागल्या की आमच्या चर्चच्या मंडळीत नवे चेहरे दिसू लागतात. कोणी बऱ्हाणपूरचा, कोणी बैतूलची, कोणी थेट जळगावहून इंदुरात क्लास लावायला आलेला. उपासना संपल्यावर चहाच्या वेळी ओळख होते आणि दोन-तीन आठवड्यांत एक प्रश्न हमखास येतो: दादा, एवढ्या अभ्यासात प्रभूसाठी वेळ कसा काढायचा?

या प्रश्नावर व्यवहारात दोनच वाटा मी पाहिल्या आहेत. रोज पहाटे अभ्यासाआधी अर्धा तास शास्त्रवाचन, म्हणजे बायबल वाचणं, आणि प्रार्थना, ही पहिली. आठवडाभर जमेल तेवढं करायचं, पण रविवारी पुस्तक उघडायचंच नाही, ही दुसरी. मंडळीचे धर्मगुरू, म्हणजे पाळक, सांगतील, दोन्ही करा, आणि त्यांचं बरोबर आहे. पण सेमिस्टर ऐन भरात आलं की दोन्ही सारख्याच जोमाने सांभाळणारे विद्यार्थी फार थोडे. कुठल्या तरी एकावर मुख्य भर द्यावा लागतो आणि दुसरं त्याच्या आधाराने चालतं. मी दोन्ही करून पाहिलं आहे. इंजिनिअरिंगच्या सुरुवातीच्या वर्षांत पहाटेचं, पुढे आणि गेट या इंजिनिअरिंगच्या पदव्युत्तर प्रवेशपरीक्षेच्या तयारीत रविवारचं.

पहाटेच्या बाजूने बोलण्यासारखं खूप आहे. मार्कच्या शुभवर्तमानाच्या पहिल्याच अध्यायात प्रभू येशू अंधार असतानाच उठून एकांतात प्रार्थनेला जातो. जुन्या करारातला दानीएल तर विद्यार्थीच होता. परक्या दरबारात खास्द्यांची, म्हणजे बाबेलच्या लोकांची, विद्या आणि भाषा शिकायला त्याला तीन वर्षांचा अभ्यासक्रम लावून दिला होता, आणि पुढे राजाची बंदी असतानाही दिवसातून तीनदा गुडघे टेकण्याचा त्याचा नेम मोडला नाही. घर सोडून परक्या शहरात शिकायला आलेल्या मुलाला दानीएलाइतका जवळचा माणूस शास्त्रात दुसरा सापडणार नाही, असं मला मनापासून वाटतं.

शिवाय पहाटेसाठी कोणाची परवानगी लागत नाही. क्लासला काही समजावून सांगायचं नाही, मित्रांना नकार द्यायचा नाही. पीजीच्या खोलीत एका बाजूला रूमपार्टनर उदबत्ती लावतो, दुसऱ्या बाजूला आपण शास्त्र उघडतो, आणि दोघांनाही एकमेकांची अडचण होत नाही. इंदुरात पहाट खरोखर शांत असते. ए. बी. रोडवरची गर्दी सुरू व्हायला, खाली पोह्यांची कढई चढायला अवकाश असतो. मार्कचे सोळा अध्याय रोज एक असे वाचले तर दोन आठवड्यांच्या आसपास अख्खं शुभवर्तमान वाचून होतं, आणि ते मनात राहतंही.

मग माझं कुठे अडलं? बॅकलॉगवर.

रोज वाचायचं म्हटलं की बहुतेक जण वर्षभराची योजना घेतात, हल्ली ॲपवर, पूर्वी छापील तक्त्यावर. बायबलची सहासष्ट पुस्तकं, ११८९ अध्याय, म्हणजे दिवसाला तीनहून थोडे जास्त. १ जानेवारीला सुरुवात होते. उत्पत्ती हे पहिलं पुस्तक झरझर जातं, निर्गमही अर्ध्यापर्यंत धरून ठेवतं. जानेवारी सरता सरता लेवीय येतं, त्यामागून गणना. नेमक्या त्याच दिवसांत प्रॅक्टिकल, सबमिशन, आणि गेट देणाऱ्यांसाठी तर फेब्रुवारीत प्रत्यक्ष परीक्षा. चार पहाटा बुडाल्या की बारा-तेरा अध्याय थकतात. ॲप ते विसरत नाही, किती दिवस मागे आहात ते उघडल्या उघडल्या दाखवतं. थर्मोडायनॅमिक्सचा बॅकलॉग डोक्यावर असतोच, त्यात आता मोशेच्या पुस्तकांचा. मग पहाटे उठायचं ते थकलेलं भरून काढायला. अर्पणांचे नियम, कुष्ठाचे नियम, याजकांची वस्त्रं, सगळं व्हायव्हाच्या, म्हणजे तोंडी परीक्षेच्या, आदल्या रात्री नोट्स उलटाव्यात त्या वेगाने उलटायचं आणि खूण करायची.

या एका गोष्टीने माझा निर्णय झाला, म्हणून तिच्यावर जरा थांबतो. वाचन कमी होत होतं, असं नाही. उलट बरंच होत होतं. पण टेबल तेच, खुर्ची तीच, वेळापत्रक तसंच, टार्गेट तसंच आणि शेवटी खूणही तशीच. अभ्यासाची सगळी पद्धत त्या अर्ध्या तासात शिरली होती. देवापुढे बसतानाही मी विद्यार्थी म्हणूनच बसत होतो, मागे पडलेला विद्यार्थी म्हणून. दिवसभर मार्क, रँक, टक्के यांवर स्वतःला तोलणाऱ्या मुलाला निदान एक जागा अशी हवी, जिथे त्याचा हिशेब मांडला जात नाही. ख्रिस्ती विश्वासाचा गाभाच तो आहे, की आपण कमावलेल्यावर आपला स्वीकार ठरत नाही. आणि नेमकी तीच गोष्ट माझ्या पहाटेतून नाहीशी झाली होती.

कोणी म्हणेल, योजना टाकून द्या, रोज एक स्तोत्र वाचा. म्हणणं खरं आहे, आणि तसं करून आनंदात असलेले लोक माझ्या ओळखीचे आहेत. माझ्या बाबतीत स्तोत्रंही दीडशेपैकी किती झाली, या मोजणीत गेली. कदाचित हा माझ्या स्वभावाचा भाग असेल. पण स्पर्धा परीक्षांची तयारी करणाऱ्या बऱ्याच मुलांचा स्वभाव असाच घडत जातो, हेही मी पाहतो.

रविवारचा बॅकलॉग होत नाही. एखादा रविवार हुकला तरी तो पुढच्या रविवारवर थकत नाही. पुढचा रविवार पूर्ण कोरा येतो.

आता त्याची किंमत. ती शनिवारी मोजावी लागते. निर्गमाच्या सोळाव्या अध्यायात मान्ना, म्हणजे रानात देवाने पुरवलेलं अन्न, रोजच्या रोज गोळा करायचा असतो, उद्यासाठी ठेवला तर किडतो. पण सहाव्या दिवशी दुप्पट गोळा करायचा आणि तो मात्र टिकतो. शब्बाथ, म्हणजे विसाव्याचा सातवा दिवस, पाळणाऱ्यांचं सहाव्या दिवसाचं काम दुप्पट असतं, हे इतकं साधं लिहून ठेवलं आहे. सोमवारचं सबमिशन शनिवारी रात्रीच संपवायचं. मित्र सराफ्याच्या रात्रीच्या खाऊबाजारात भुट्ट्याचा कीस आणि गरम जिलबी खायला निघालेले असतात आणि आपण फाइलवर मान घालून बसलेलो असतो. हे सोपं नाही, आणि सुरुवातीचा महिना तर फार जड जातो.

रविवार मात्र खरोखर आपला होतो. सकाळी उपासना. दुपारी कोणा तरी कुटुंबाकडे जेवण, कारण आमच्या मंडळीत बाहेरगावच्या विद्यार्थ्यांना घरी न्यायची पद्धत आहे. मग झोप. झोपेला मी मुद्दाम स्थान देतो. १ राजे १९ मध्ये थकून, हताश होऊन रतामाच्या झुडपाखाली पडलेल्या एलीया संदेष्ट्याला देवदूत आधी जेवू घालतो, झोपू देतो, पुन्हा जेवू घालतो. देव त्याच्याशी बोलतो ते नंतर. भंवरकुआच्या भाड्याच्या लायब्ररीत रात्र-रात्र सीट धरून बसणाऱ्या मुलांना हा अध्याय कोणी तरी वाचून दाखवायला हवा.

आणि गाणं. पहाटे पाचला रूमपार्टनर झोपलेला असताना गाता येत नाही. इथली उपासना हिंदीत चालते. कॅनडातल्या प्रेस्बिटेरियन मिशनने १८७७ मध्ये इंदुरात काम सुरू केलं, आणि माळव्यातल्या मंडळ्यांची भाषा तेव्हापासून मुख्यतः हिंदीच राहिली. आमच्यासारख्या, आजोबांच्या वेळी नगरकडून आलेल्या घरांत रविवारी संध्याकाळी मराठी ख्रिस्ती कवी रेव्हरंड नारायण वामन टिळकांची भजनं होतात, पेटी आणि टाळांवर. मराठीतून देवाला हाक मारण्याची माझी सवय त्या संध्याकाळींनी जिवंत ठेवली. जो एकट्याने फोनवर वाचतो, त्याच्या वाट्याला हे येत नाही.

रविवारच्या बाजूने सगळ्यात मोठी अडचण म्हणजे परीक्षा. यूपीएससीची पूर्वपरीक्षा रविवारी, एमबीएची प्रवेशपरीक्षा कॅट नोव्हेंबरातल्या रविवारी, गेटचे पेपर शनिवार-रविवारी. वर क्लासच्या साप्ताहिक चाचण्या, त्याही बहुतेक रविवारी सकाळीच. स्कॉटलंडचा धावपटू एरिक लिडेल आठवतो. १९२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकच्या वेळी तो एडिंबराला विज्ञान शिकत होता. १०० मीटरची प्राथमिक फेरी रविवारी होती म्हणून त्याने आपली हक्काची शर्यत सोडली आणि ४०० मीटर धावून ४७.६ सेकंदांत सुवर्णपदक मिळवलं. त्याच्याबद्दल मला नितांत आदर आहे. तरी वर्षातून एकदाच होणारी परीक्षा एकोणीस वर्षांच्या मुलीने रविवारी आहे म्हणून सोडावी, असं मी सांगणार नाही. शब्बाथ माणसासाठी झाला, या प्रभूच्या शब्दांचा आधार मला इथे पुरेसा वाटतो. पेपर द्यावा आणि संध्याकाळच्या उपासनेला यावं.

साप्ताहिक चाचणीचं मात्र वेगळं. ती हलवता येते. मी ज्या क्लासला जात होतो, तिथे मला सोमवारी पेपर सोडवायची मुभा मिळाली. पण रँकच्या यादीत नाव यायचं नाही. ते लागायचं. वडिलांना तर जास्तच लागायचं, कारण फी त्यांनी भरलेली आणि मुलगा कितवा आला ते कळायला मार्ग नाही. मला स्वतःला मोजमाप म्हणून एवढंच सांगता येईल, की सोमवारचं पहिलं लेक्चर आधी डोक्यावरून जायचं, ते आता समजायला लागलं. दुसऱ्या कोणाला असाच फरक पडेल, याची हमी मी देऊ शकत नाही.

जाता जाता एक आठवण द्यावीशी वाटते. आपल्याकडच्या कामगारांना रविवारची सुट्टी सहज मिळालेली नाही. मुंबईच्या गिरणी कामगारांसाठी ती नारायण मेघाजी लोखंडे यांनी बरीच वर्षं झगडून १८९० मध्ये मिळवली. ते महात्मा फुल्यांचे सहकारी, सत्यशोधक. थकलेल्या माणसाला आठवड्यातून एक दिवस स्वतःचा हवा, ही गरज चर्चच्या भिंतींपुरती नाही. अख्ख्या बॅचला रविवारी चाचणीला बसवणाऱ्यांनीही याचा विचार करायला हवा.

पहाटच निवडावी असेही विद्यार्थी आहेत, आणि ते थोडे नाहीत. नर्सिंगच्या मुलींना रविवारी ड्यूटी लागते. मेडिकलच्या इंटर्नना तर वारच नसतात. त्यांना रविवार मोकळा ठेवा म्हणणं म्हणजे त्यांच्या हातात नसलेली गोष्ट मागणं. त्यांनी ड्यूटीच्या वेळेनुसार रोजचा अर्धा तास धरावा. फक्त वर्षभराची योजना घेऊ नये, एक शुभवर्तमान घेऊन सावकाश जावं आणि खुणा करू नयेत. शक्य असेल तर फोनऐवजी छापील शास्त्र घ्यावं, म्हणजे मागे किती राहिलं ते कोणी दाखवत नाही. ज्यांना मंडळीत पोचायलाच दोन तास लागतात, त्यांच्यासाठीही हेच बरं. बाकीच्यांना, विशेषतः क्लास आणि कॉलेज दोन्ही चालू असलेल्यांना, माझा कल कुठे आहे ते एव्हाना कळलंच असेल. रविवार धरा, आणि आठवडाभर झोपण्याआधी एखादं स्तोत्र, न मोजता.

सुरुवात करायची तर शनिवारची वेळ आधी ठरवा. मी रात्री दहा धरली होती, त्यानंतर पुस्तकं बॅगेत. रूमपार्टनरला सांगून ठेवा, नाही तर रविवारी दुपारी तोच विचारेल की काल ते न्यूमरिकल सुटलं का. क्लासच्या चाचणीसाठीचा अर्ज बॅच सुरू होतानाच द्या, आदल्या दिवशी गेलात तर तो बहाणा वाटतो. आणि विचारायला संकोच करू नका. आमच्या बॅचमध्ये बरीच जैन मुलं होती. पर्युषणाच्या दिवसांत ती सूर्यास्ताआधी जेवायचं म्हणून संध्याकाळच्या लेक्चरमधून उठून जायची, आणि सर त्यांना दुसऱ्या दिवशी सकाळी राहिलेला भाग सांगायचे. माझा अर्ज घेऊन मी गेलो तेव्हा सरांनी त्या मुलांचंच उदाहरण काढलं आणि सोमवारची वेळ लिहून दिली.