७२ तासांची उपवास चाचणी : उत्तम, पण प्रयोगशाळा जागी हवी

मधुमेह नसलेल्या माणसाला पहाटे घाम फुटतो, तो असंबद्ध बोलतो आणि साखर खाल्ली की भानावर येतो. अशा वेळी पुष्कळ जण आधी सीटी स्कॅन काढतात. इथेच क्रम चुकतो. यामागे इन्सुलिनोमा असू शकतो: नको तेव्हा इन्सुलिन सोडून रक्तातली साखर पाडणारी, स्वादुपिंडातली दुर्मीळ, बहुतेकदा साधी (कर्करोग नसलेली) गाठ. ती सहसा २ सेंटिमीटरहून लहान असल्याने स्कॅनमधून निसटते. म्हणून आधी रक्तातला पुरावा हवा, आणि त्यासाठी रुग्णालयात दाखल करून केलेल्या या चाचणीला तोड नाही.

हा एकादशीचा उपवास नव्हे. साबुदाणा, दूध, सरबत सगळं बाद. पाणी आणि बिनसाखरेची पेयं चालतात. दर ६ तासांनी रक्त घेतात, साखर (दर डेसिलिटरला) ६० मिलिग्रॅमखाली गेली की दर १-२ तासांनी. बहुतेकांचा निकाल ४८ तासांतच लागतो. साखर ५५ खाली आणि लक्षणं असताना दर मिलिलिटरला इन्सुलिन ३ मायक्रोयुनिट व सी-पेप्टाइड (शरीर स्वतः इन्सुलिन बनवतं तेव्हा सोबत सुटणारा तुकडा) ०.६ नॅनोग्रॅम किंवा त्याहून जास्त निघालं, तर इन्सुलिन शरीरातच, नको तेव्हा तयार होतंय. मधुमेहाच्या सल्फोनिलयुरिया गोळीनेही हेच आकडे येतात, म्हणून तिची तपासणी त्याच नमुन्यात करायची.

सेवा घसरते ती नेमकी शेवटच्या नमुन्यापाशी. रुग्ण गळाला म्हणून घाबरून आधी ग्लुकोज देतात आणि रक्त मागून घेतात. तीन दिवस पाण्यात. ग्लुकोमीटर इतक्या खालच्या आकड्यांना भरवशाचा नाही, प्रयोगशाळेचाच आकडा धरावा. नमुन्यात रक्तपेशी फुटल्या तर इन्सुलिन खोटं कमी दिसतं. रात्री दोनला नमुन्यातला द्रव पेशींपासून कोण वेगळा करणार, हे दाखल होण्यापूर्वीच विचारून घ्या.

पुढे गाठ शोधायला एंडोस्कोपिक सोनोग्राफी (तोंडावाटे जठरात दुर्बीण घालून केलेली) चांगली. गॅलियम डोटाटेट पेट (अशा संप्रेरक बनवणाऱ्या गाठींसाठी वापरला जाणारा किरणोत्सारी स्कॅन) इथे अनेकदा हुकतं. एक्सेंडिन हा दुसरा पदार्थ वापरून केलेलं पेट मिळालं तर तेच घ्यावं.

शस्त्रक्रियेत सोनोग्राफीचा प्रोब थेट स्वादुपिंडावर ठेवून मुख्य नलिकेपासूनचं अंतर मोजणारा सर्जन निवडा. २-३ मिलिमीटर मोकळे असतील तर नुसती गाठ सोलून काढता येते. गाठ सापडली नाही म्हणून अंदाजाने शेपटाकडचा भाग कापणं आता समर्थनीय नाही. नंतरचा खरा त्रास स्वादुरस गळण्याचा. तिसऱ्या दिवशी पोटात ठेवलेल्या निचऱ्याच्या नळीतल्या द्रवाचं अमायलेज (स्वादुरसातलं पाचक विकर) तपासल्याशिवाय नळी काढू देऊ नये.