ग्नू युनिट्स: साखळी-आण्यांच्या हिशेबाला चालतं का?

मोबाइलवरची बहुतेक रूपांतर अ‍ॅपं फूट, मीटर, मैलापाशी थांबतात. ग्नू युनिट्स हा फुकट प्रोग्राम बराच पुढे जातो. जमीन मोजायची गुंटरची ६६ फुटी साखळी, रॅम्सडेनची १०० फुटी, रशियन वर्स्त, क्रांतीपूर्व फ्रान्सचा फूट (३२.४८ सेंमी, आपल्या फुटापेक्षा जवळपास २ सेंमी लांब) हे सगळं त्यात आहे. व्याख्यांची फाइल साधा मजकूर असल्याने आकडा कुठून आला तेही उघडून वाचता येतं. हा त्याचा खरा मोठेपणा.

चेहरा मात्र काळ्या खिडकीचा. बटणं नाहीत, सगळं टाइप करायचं. लिनक्सवर ‘युनिट्स’ याच नावाने बसतो. मॅकवर त्याच नावाचा वेगळाच प्रोग्राम आधीपासून असू शकतो; होमब्रूने (मॅकवर प्रोग्राम बसवायचं साधन) ग्नूचा टाकलात तर हाक ‘जीयुनिट्स’ अशी मारावी लागते.

आपल्याकडचा घोळ ‘चेन’ या शब्दात आहे. प्रोग्रामला नुसतं ‘चेन’ म्हटलं की तो ६६ फूट धरतो. मुंबई इलाख्याच्या मोजणीतली साखळी ३३ फुटांची, १६ आण्यांची. तिचा वर्ग म्हणजे १०८९ चौरस फूट, एक गुंठा. ४० गुंठ्यांचा एकर. ६६ धरलेत की क्षेत्र थेट चौपट.

म्हणून आपली मापं आपणच भरावीत. होम फोल्डरमध्ये ‘.युनिट्स’ फाइल करा (नाव आणि आतले शब्द रोमन अक्षरांत) आणि तीन ओळी लिहा: साखळी ३३ फूट, आणा १|१६ साखळी, गुंठा साखळी^२. अपूर्णांकाला तिरकी रेघ नको, उभी दांडी वापरा. ती आधी सोडवली जाते.

आता १२ साखळी ८ आणे लांब, ६ साखळी ४ आणे रुंद शेत घ्या. (१२ साखळी + ८ आणा) (६ साखळी + ४ आणा) असं लिहून उत्तर ‘एकर;गुंठा’ मागितलं की १ एकर ३८.१२५ गुंठे येतात. म्हणजे ३८ गुंठे २ आणे, कारण गुंठ्याचेही सोळा आणे. हेक्टर मागा, ०.७९०४ मिळतो. अर्धविरामाची ही सोय फारच कामाची.

सर्वात धोकादायक चूक अधिकचं चिन्ह विसरण्याची. शेजारी लिहिलेली मापं हा प्रोग्राम गुणतो. ‘५ फूट २ इंच’ सेंटीमीटरमध्ये मागितलं तर निदान तो नकार देतो आणि ०.०७७४१९२ चौरस मीटर दाखवतो. पण ‘१२ साखळी ८ आणे’ गुंठ्यांत मागितलं तर बिनबोभाट ६ गुंठे हातात ठेवतो! लांबीचं क्षेत्र झालं, चूक दाखवणारं कुणी नाही. कंसाबाहेर काही राहिलं नाही ना, हे उत्तर वाचण्याआधी बघा.

अचूकतेच्या बाबतीत आठ अंकी उत्तरांना भुलू नका. १९५९ पासूनचा फूट ०.३०४८ मीटर, अमेरिकी सर्व्हे फूट १२००/३९३७ मीटर. फरक दहा लाख फुटांत सुमारे दोन फूट, शेताच्या नकाशावर शून्य. पण मुघल काळापासूनचा इलाही गज वा कोस या लांबीच्या जुन्या मापांचं तसं नाही. ब्रिटिश अमलात इलाही गज ३३ इंच धरला गेला, तरी त्याआधीच्या कागदातला गज तेवढाच असेल असं मानायचं कारण नाही, आणि कोस तर मुलखागणिक बदलतो. अशा मापांची व्याख्या भरताना पुढे ‘#’ लावून कोणत्या भागाचं, कोणत्या काळाचं माप धरलंय ते लिहून ठेवा. ‘#’ नंतरचा मजकूर प्रोग्राम वाचत नाही, पण सहा महिन्यांनी तुम्हाला लागेल.

गुंठे-हेक्टर एकदाच करायचं असेल तर साधा कॅल्क्युलेटर पुरे: गुंठ्यांना १०१.१७ ने गुणा, चौरस मीटर मिळतील. जुने नकाशे आणि टिपणं रोज हाताळणाऱ्यांनी हा प्रोग्राम शिकून घ्यावा.